वेशीबाहेरून जगाच्या वेशीकडे

कोणत्या देशात कोणी यावे, कोणी येऊ नये, आपल्या देशातून कोणाला बाहेर जाऊ द्यावे, हे सारे राजधानीत ठरते असे अभ्यासक्रमातली पुस्तके सांगतात. संसद कायदा करते, परराष्ट्र मंत्रालय करार करते आणि लोक त्याप्रमाणे ये-जा करतात, असा हा सोपा हिशेब आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. गेल्या दोनशे वर्षांत माणसांच्या परदेशगमनासंबंधी जे मोठे कायदे झाले, त्यांतले कितीतरी आधी एखाद्या शहराच्या धक्क्यावर, टाऊन हॉलमध्ये, शाळा मंडळाच्या बैठकीत किंवा रस्त्यावरच्या जमावात आकाराला आले. राजधानीने त्यावर नंतर मोहोर उठवली. आणि दार लावताना या कायद्यांतील काही सर्वांत प्रभावी कायद्यांनी रंगाचे नाव घेतले नाही, जातीचेही घेतले नाही. त्यांनी अक्षराची अट घातली. ज्यांना पिढ्यानपिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांनी हा इतिहास स्वतःच्या डोळ्यांनी वाचला पाहिजे.

दाराचे राजकारण आपल्याला नवे नाही. गावाला वेस होती. वेशीची राखण महाराकडे होती; आमच्या भागात त्याला येसकर म्हणत. कोण आला, कोण गेला याची खबर ठेवणे त्याचे काम. पण कोणाला आत घ्यायचे हे तो ठरवत नसे, आणि रात्री वेस लागली की त्याचे स्वतःचे घर बाहेरच राही. राखण एकाची, अधिकार दुसऱ्याचा. शहरांनी जगासाठी ज्या वेशी उभ्या केल्या, त्यांच्याकडे पाहताना हे नाते विसरून चालणार नाही.

मी निलंग्यात इतिहास शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. निलंगा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता, मग उस्मानाबादेत आला आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहे. त्यामुळे इथल्या माणसाला पोट भरायला दोन मोठी शहरे ठाऊक : हैदराबाद आणि मुंबई. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आजोबांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली. त्या काळात मराठवाड्यातून जे लोंढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत जाऊन पडले, त्यांत आमचेही नातेवाईक होते. पुढे त्यांच्यातलेच काही आखाताकडे डोळे लावून बसले. आखातात जाऊ पाहणाऱ्या आमच्या गवंड्याला, सेंट्रिंगवाल्याला दिल्ली कधी दिसत नाही. त्याला दिसतो तो मुंबईतला किंवा हैदराबादमधला एजंट आणि पासपोर्टवरचा शिक्का. हा शिक्का कुठून आला, याचा माग घेत गेले की आपण थेट बंदरांच्या इतिहासात जाऊन पोहोचतो.

टाऊन हॉल आणि धक्का

ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा उसाच्या मळेवाल्यांना नवे हात हवे होते. १८३४ पासून हिंदुस्थानातून मॉरिशसला करारबंद मजूर जाऊ लागले. करार पाच वर्षांचा, अंगठा मजुराचा, अक्षर मालकाचे. या व्यापाराविरुद्ध पहिला मोठा आवाज उठला तो कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये, जुलै १८३८ च्या सभेत. सभेनंतर चौकशी समिती नेमली गेली आणि १८३९ मध्ये मजुरांची निर्यात कायद्याने थांबवली गेली. एका शहरातल्या सभेने साम्राज्याचे धोरण काही काळ तरी अडवले. समितीने परतलेल्या मजुरांच्या साक्षी घेतल्या, ही जमेची बाजू. पण समितीवर मजूर नव्हता. साक्ष देणारा वेगळा आणि निर्णय घेणारा वेगळा, ही वाटणी तेव्हापासूनची आहे.

मळेवाल्यांचा रेटा मोठा होता. १८४२ मध्ये मॉरिशसची वाट पुन्हा उघडली, आणि कायद्याने त्यासाठी तीनच बंदरे ठरवून दिली : कलकत्ता, मद्रास, मुंबई. मुंबईच्या धक्क्यावरून कोकणातली आणि देशावरची मराठी माणसे गेली. मॉरिशसमधला आजचा मराठी समाज हा त्यांचाच वंशविस्तार. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असे ज्यांना शास्त्र सांगत होते ते घरी राहिले. ज्यांना भाकरीच नव्हती त्यांना धर्म बुडण्याची चैन परवडणारी नव्हती. याच व्यवस्थेतून बंदराच्या शहरात एक अधिकारी बसला. त्याचे नाव ‘प्रोटेक्टर’, म्हणजे रक्षक. बाहेर जाणाऱ्या मजुराचे रक्षण करणारा आणि त्याला जाऊ द्यायचे की नाही हे ठरवणाराही तोच. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

प्लेगची मुंबई, डर्बनचा जमाव

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या जवळपास होती. काही महिन्यांतच त्यातली निम्म्याच्या आसपास माणसे शहर सोडून पळाली. ऑक्टोबरमध्ये रोग्यांना सक्तीने इस्पितळात नेण्याचा हुकूम निघाला, तेव्हा गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर चाल केली आणि सक्ती सैल करावी लागली. पालिकेला आणखी एक धास्ती होती. मैला वाहणारे हलालखोर आणि झाडूवाले निघून गेले तर काय? व्यापारी गेला तर बाजार थंडावतो, कारकून गेला तर कचेरी. हे कामगार गेले तर शहरात राहणेच अशक्य होते. ज्यांना शहराने सर्वांत खाली ठेवले, त्यांच्या नुसत्या निघून जाण्याच्या शक्यतेने शहराचे धोरण हलत होते. आपल्या इतिहासलेखनात या गोष्टीला अजून तिची जागा मिळालेली नाही.

मुंबईच्या या रोगाने जगाच्या दारांवर परिणाम केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला (हाच कायदा मार्च २०२० मध्ये करोनाच्या वेळी पुन्हा उपसला गेला). मुंबईहून निघणारी हजची यात्रा बंद करण्यात आली. व्हेनिस शहरात राष्ट्रांची परिषद भरली आणि जहाजांच्या तपासणीचे नवे नियम ठरले. पण सर्वांत दूरगामी परिणाम झाला तो दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. नोव्हेंबर १८९६ च्या अखेरीस मुंबईहून निघालेली ‘कूरलंड’ आणि ‘नादेरी’ ही दोन जहाजे डिसेंबरात डर्बनला पोहोचली. त्यांतल्या एकात मोहनदास गांधी होते. मुंबई रोगग्रस्त बंदर आहे, या कारणाने जहाजे तीन आठवड्यांहून अधिक काळ अडवून ठेवली. रोगाचे कारण खरे होते, पण मनातले कारण वेगळे होते. हिंदी व्यापारी आणि स्वतंत्र हिंदी माणूस डर्बनच्या गोऱ्यांना नको होता. १३ जानेवारी १८९७ ला गोरे कारागीर, रेल्वेचे नोकर, दुकानांतले लोक धक्क्यावर जमले. गांधी उतरल्यावर त्यांना मारहाण झाली, ती कथा सर्वांना ठाऊक आहे. जमावाला काय मिळाले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

जमावाला कायदा मिळाला. त्याच वर्षी नाताळ वसाहतीने प्रवेशबंदीचा कायदा केला. त्यात हिंदी हा शब्द नव्हता, काळा हाही शब्द नव्हता. येणाऱ्याने युरोपातल्या कोणत्याही एका भाषेच्या लिपीत स्वतःच्या हाताने अर्ज लिहून दाखवावा, एवढीच अट होती. आणि गंमत म्हणावी की क्रौर्य, सरकारी योजनेखाली उसाच्या मळ्यांवर येणाऱ्या करारबंद मजुराला ही अट लागू नव्हती. म्हणजे बांधून घेतलेला निरक्षर हवा होता. मोकळा निरक्षर नको होता. गावगाड्याशी परिचय असलेल्या कोणालाही हे नवीन वाटणार नाही. शेतावर राबायला, मेलेले ढोर ओढायला या. पाणवठ्यावर येऊ नका.

त्या वर्षी लंडनला जमलेल्या वसाहतींच्या पंतप्रधानांपुढे ब्रिटिश मंत्री चेंबरलेन यांनी नाताळचा हा नमुना ठेवला : वंशाचे उघड नाव घेऊ नका, असे शब्द शोधा. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये पन्नास शब्दांच्या श्रुतलेखनाची परीक्षा आणली. अधिकारी म्हणेल त्या युरोपीय भाषेत ती द्यायची. ती १९५८ पर्यंत टिकली. डर्बनच्या धक्क्यावरचा जमाव असा एका खंडाच्या कायद्यात जाऊन बसला.

वेगळी शाळा

पॅसिफिकच्या पलीकडच्या किनाऱ्यावर हीच गोष्ट दुसऱ्या रूपाने घडली. सॅन फ्रान्सिस्कोत १९०५ मध्ये आशियाई लोकांना हाकलण्यासाठी एक संघटना उभी राहिली. ती भांडवलदारांनी नव्हे, कामगार संघटनांनी उभी केली होती, हे आपल्या चळवळीतल्या मित्रांनी ध्यानात घ्यावे. कामगार म्हणून एक असलेले लोक माणूस म्हणून एक असतीलच, असे नाही. ऑक्टोबर १९०६ मध्ये त्या शहराच्या शाळा मंडळाने जपानी मुलांना गोऱ्या मुलांच्या शाळांतून काढून वेगळ्या शाळेत घालण्याचा हुकूम काढला. आपल्या पोरांनी वर्गाबाहेर बसून शिकण्याचा अनुभव घेतलेला आहे, म्हणून या हुकमाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की त्या मुलांच्या मागे जपानसारखे सरकार उभे होते. प्रकरण राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेले. मुलांना शाळेत परत घेतले गेले, पण त्या बदल्यात जपानने आपल्या मजुरांना अमेरिकेसाठी पासपोर्ट देणे थांबवायचे कबूल केले. एका नगराच्या शाळा मंडळाने दोन राष्ट्रांमधला करार घडवून आणला, आणि त्याची किंमत मजुराने मोजली.

सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅम या गिरण्यांच्या गावातून जमावाने हिंदी मजुरांना एका रात्रीत हुसकून लावले. काही दिवसांतच कॅनडाच्या व्हँकुव्हरमध्ये दंगल झाली. पुढच्या वर्षी कॅनडाने नियम केला की मायदेशातून वाटेत न थांबता थेट प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश मिळेल. हिंदुस्थानातून तशी थेट बोट नव्हतीच. १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ जहाज व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडकून परत फिरले, ते याच नियमाने. आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये अमेरिकेने वाचता येण्याची अट तर आणलीच, शिवाय हिंदुस्थानासह आशियाचा मोठा भाग सरसकट बंद केला.

याच काळात, जुलै १९१३ मध्ये, बाबासाहेब न्यू यॉर्कला उतरले. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि त्या शिक्षणाने आपल्या सर्वांचे भवितव्य बदलले. १९१७ च्या कायद्यातही विद्यार्थ्याला सूट होती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. लिहिणाऱ्याला फट ठेवली होती. राबणाऱ्याला भिंत होती. त्या फटीतून कोणकोण जाऊ शकले, याची यादी केली तर तिच्यात आपली माणसे किती निघतील? कारण अक्षराची वाट तिकडे न्यू यॉर्कच्या बंदरात बंद होण्याआधी इकडे गावच्या शाळेच्या पायरीवरच बंद झालेली होती.

मुंबईचा शिक्का

स्वातंत्र्य आले. तेलाच्या किमती १९७३ नंतर भडकल्या आणि आखातात शहरे, बंदरे, रस्ते उभारायला मजूर लागू लागले. त्यांची भरती होण्याचे मोठे ठिकाण मुंबई होते. केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंतची माणसे घरदार गहाण टाकून मुंबईत येत आणि एजंटाच्या भरवशावर दिवस काढत. १९२२ चा जुना परदेशगमन कायदा या बाजारापुढे निरुपयोगी ठरला. १९७९ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि अखेर १९८३ चा परदेशगमन कायदा झाला. मुंबईच्या बाजारात जे चालले होते, त्याला उत्तर म्हणून देशाला नवा कायदा करावा लागला. या कायद्यानेही मोठ्या शहरांत अधिकारी बसवला. त्याचे नाव प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स. जुनाच शब्द, जुनीच खुर्ची.

एजंटाने नोंदणी करावी, करार तपासला जावा, मजुराची फसवणूक होऊ नये, हा या कायद्याचा हेतू आहे. तो चांगला आहे, हे मान्य केले पाहिजे. नाताळच्या कायद्याचा हेतू हाकलण्याचा होता, याचा राखण्याचा आहे. पण ज्याला राखायचे त्याला ओळखायचे कसे? त्यासाठी पुन्हा अक्षरच वापरले गेले. जो दहावी उत्तीर्ण, तो मोकळा. जो नाही, त्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ची नोंद. आखातासह ठरावीक देशांत कामाला जायचे तर त्याने प्रोटेक्टरची परवानगी घ्यायची. आयकर भरणाऱ्यालाही यातून सूट आहे. म्हणजे अक्षर नसेल तर पैसा तरी हवा. ज्याच्याकडे दोन्ही नाही, त्याच्या नागरिकत्वावर शिक्का.

माझे एक चुलते उत्तम गवंडी होते. ओळंबा न लावता भिंत सरळ उचलत. शाळा आठवीत सुटली ती घरच्या सालगडीपणामुळे. आखातात जाण्यासाठी ते मुंबईला गेले तेव्हा एका एजंटाने परवानगीची भीती घालून त्यांच्याकडून जास्तीचे पैसे काढले. करार इंग्रजीत होता. तो त्यांना कोणी वाचून दाखवला नाही. रक्षणासाठी केलेली अट दलालाच्या हातात हत्यार झाली. जिथे अडवणूक आहे तिथे अडवणुकीची किंमत वसूल करणारा उभा राहतोच.

जानेवारी २०१८ मध्ये सरकारने अशा नोंदीच्या लोकांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट देण्याचे जाहीर केले. टीका झाली आणि महिनाअखेरीस तो बेत मागे घेण्यात आला. रंग टळला, नोंद राहिली. ज्या समाजाने गळ्यात मडके आणि कमरेला खराटा बांधून माणसाची ओळख दुरून पटवली, त्या समाजात वेगळ्या रंगाच्या पासपोर्टाची कल्पना कोणाला सहज सुचावी, याचे आश्चर्य मला वाटले नाही.

शहर कोणाचे?

पासपोर्टासाठी पत्ता लागतो, आणि पत्ता देणे न देणे शहराच्या हाती असते. १९७६ मध्ये मुंबईत झोपड्यांची मोजणी होऊन ओळखपत्रे दिली गेली. ज्यांच्या हाती ते लागले नाही ते बेकायदा. जुलै १९८१ मध्ये पदपथावरच्या माणसांना भर पावसात गाड्यांत घालून शहराबाहेर काढण्याची मोहीम राज्य सरकारने चालवली. त्या खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले, पण रीतसर नोटीस देऊन हटवता येईल असेही सांगितले. पुढे १ जानेवारी १९९५ ही तारीख आली, मग २००० साल. तारखेच्या अलीकडचा माणूस शहराचा, पलीकडचा परका. देशाच्या आत ही एक प्रवेशबंदीच आहे. जो मुंबईत नोंदला जात नाही, तो दुबईला नोंदला जाण्याची शक्यता कमी.

मग शहर हे आपले शत्रू मानायचे का? मुळीच नाही. बाबासाहेबांनी आपल्याला खेड्याच्या मोहातून बाहेर काढले, ते याचसाठी की शहरात जात निदान काही तास तरी विसरली जाते आणि संघटना बांधता येते. त्याच सॅन फ्रान्सिस्कोने १९८९ मध्ये स्वतःला आश्रयाचे नगर म्हणवून घेतले आणि परक्यांना पकडण्याच्या कामात पालिकेच्या नोकरांनी हात लावू नये असा ठराव कायद्यात आणला. बेलिंगहॅम ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे, त्याच राज्यातल्या सिएटलच्या नगरपरिषदेने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या. त्यांच्या मागे तिथल्या आंबेडकरवादी कार्यकर्त्यांची संघटित ताकद होती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसा कायदा मंजूर केला, तर गव्हर्नरने तो नाकारला. राज्य अडले तिथे शहर पुढे गेले होते. शहर दार लावते तसे उघडतेही. कोण संघटित आहे, यावर ते ठरते. १८९७ च्या डर्बनमध्ये गोरा जमाव संघटित होता. २०२३ च्या सिएटलमध्ये आपली माणसे होती.

डिसेंबर २०१८ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश शहरात राष्ट्रांनी स्थलांतराविषयी जागतिक करारनामा स्वीकारला. त्याच वेळी तिथे जमलेल्या महापौरांनीही स्वतःची परिषद उभी केली, या मागणीने की स्थलांतरित शेवटी शहरात येतो, तेव्हा धोरण ठरवताना शहरालाही विचारा. मागणी रास्त आहे. आपला प्रश्न त्याच्या पुढचा आहे : शहराला विचारले जाईल तेव्हा शहरातल्या कोणाला विचारले जाईल? धक्क्यावरच्या व्यापाऱ्याला, की मैला वाहणाऱ्याला?

म्हणून कार्यकर्त्यांपुढे आणि शिक्षकांपुढे काही कामे मांडतो. रक्षण हवे, पण ते शाळेच्या दाखल्यावरून नको. ज्या देशात धोका आहे त्या देशात जाणाऱ्या प्रत्येक मजुराला ते मिळावे, मग तो पदवीधर असो की अंगठेबहाद्दर. हाताच्या कसबाची परीक्षा घेऊन दाखला द्यावा. करार मराठीत असावा आणि तो दलालाशिवाय वाचून दाखवणारा माणूस लातूरला, निलंग्याला, तालुक्याच्या ठिकाणी बसावा. मुंबईच्या खुर्चीपर्यंत जायला भाडे लागते, आणि त्या भाड्यातूनच दलाल जन्माला येतो. झोपडीला पत्ता मिळावा, म्हणून वॉर्डाच्या कचेरीवर रेटा हवा. आणि तोपर्यंत रात्रशाळा बंद पडू देऊ नयेत. अक्षराची अट अन्यायाची आहे, हे सांगण्याचा हक्क आपल्याला आहेच. पण ते अक्षर हाती घेऊनच सांगितले तर ते वेशीच्या आत ऐकू जाईल. येसकराने पिढ्यानपिढ्या दार राखले. आता दार केव्हा आणि कोणासाठी उघडावे, हे ठरवणाऱ्या बैठकीत त्याला जागा हवी आहे.